एक एकर विकून पदवी घ्यावी का?

जालना जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी चार एकर कोरडवाहू जमीन आहे, मुख्य पीक सोयाबीन. मुलगा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाला, त्याने सीईटी दिली, आणि पुण्याजवळच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयात त्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळण्यासारखा आहे. वार्षिक शुल्क सव्वा लाखाच्या आसपास. धाकटा भाऊ म्हणतो, एक एकर विकून टाका. गावात मात्र एम.ए. झालेली तीन मुले पोलीस भरतीची तयारी करत घरीच आहेत, आणि पारावरची जाणती माणसे सांगतात की आपल्यासारख्या गरीब देशाला इतकी महाविद्यालये परवडतच नाहीत, सरकारने दहावीपर्यंत नीट शिकवावे आणि पुढे हाताला काम शिकवावे. यात खरे किती, आणि मी काय करू, असे त्यांनी विचारले आहे.

मी परभणी भागातील तालुक्याच्या ठिकाणी एका अनुदानित कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयात चौतीस वर्षे काढली, त्यांतील शेवटची नऊ प्राचार्य म्हणून. त्या अनुभवावरून सांगतो. देशाचा हिशेब आणि आपल्या घरचा हिशेब येथे वेगळे मांडता येत नाहीत, कारण सरकारने उच्च शिक्षणाचा जो भार स्वतःच्या खांद्यावरून उतरवला, तोच आज आपल्या चार एकरांवर येऊन पडला आहे.

पारावरचा युक्तिवाद आधी घेतो, कारण तो जुना आहे आणि त्यात सत्याचा अंश आहे. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके हेच मांडले होते की सरकारी तिजोरीत जमा होणारा पैसा मुख्यतः रयतेच्या श्रमाचा असतो, आणि तो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च होतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. मुंबई विद्यापीठाला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती आणि शेतकऱ्याचे पोर तेथे शोधूनही सापडले नसते. त्या काळात ती तक्रार पूर्णपणे रास्त होती.

पण पंचेचाळीस वर्षांनंतर, मार्च १९२७ मध्ये, मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले तेव्हा चित्र पालटू लागले होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले होते, त्यांची मुले महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचत होती. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी सुमारे ३६ टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून वसूल होते, याकडे त्यांनी बोट दाखवले आणि याला शिक्षणाचे व्यापारीकरण म्हटले. खालचे वर्ग नुकतेच शिक्षणाकडे वळत असताना ते शक्य तितके स्वस्त असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या मुलाला जेथे प्रवेश मिळतो आहे त्या विनाअनुदानित महाविद्यालयात शिक्षकांच्या पगारापासून इमारतीच्या देखभालीपर्यंतचा जवळजवळ सगळा खर्च फीमधून निघतो. ३६ टक्के ज्यांना व्यापारीकरण वाटले, त्यांच्याच राज्यात आपण येथवर आलो आहोत.

मधल्या काळात महाराष्ट्राने वेगळा रस्ता धरला होता, हे आज विसरले जाते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय सुरू केले. १९५० साली औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ आणि १९६२ साली शिवाजी विद्यापीठ आले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना बाराशे रुपयांखालील वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना फी माफ झाली, तीच ही इबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची, सवलत. माझ्या पिढीतील निम्मे प्राध्यापक त्या तीन अक्षरांच्या आधाराने शिकले. माझे स्वतःचे वडील सालगडी होते, आणि मी पदवीपर्यंत फी म्हणून दिलेली एकूण रक्कम एका बैलाच्या किमतीपेक्षाही कमी होती.

वळण आले ते १९८३ साली. अभियांत्रिकीसाठी दरवर्षी हजारो मुले कर्नाटकात जात होती, आणि नवी शासकीय महाविद्यालये काढायला राज्याकडे पैसा नव्हता. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, हे खरे. त्यातून हजारो ग्रामीण घरांत पहिला इंजिनियर झाला, हेही खरे, आणि ते नाकारणे अन्याय ठरेल. परंतु १९९१ च्या आर्थिक संकटानंतर तात्पुरती सोय हेच धोरण झाले. उच्च शिक्षणाच्या निधीचा विचार करणाऱ्या न्या. पुन्नय्या समितीने १९९३ साली विद्यापीठांनी आपल्या आवर्ती, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चाचा १५ टक्के आणि दहा वर्षांत २५ टक्के भाग स्वतः उभारावा, अशी शिफारस केली. १९९७ साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या अनुदानविषयक टिपणाने उच्च शिक्षण थेट कमी अनुदानास पात्र अशा गटात टाकले. दुसरीकडे कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याचे सांगितले होते, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा लिहिले, आणि मधल्या साऱ्या काळात एकदाही तो आकडा गाठला गेला नाही.

प्राथमिक शिक्षणाला पैसा हवा म्हणून महाविद्यालयांचा कमी करावा, हे म्हणणे मला एका साध्या कारणासाठी पटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर, अंगणवाडीची पर्यवेक्षिका, आपल्या बांधावर येणारा कृषी सहायक, ही सगळी माणसे कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयातूनच येतात. ते महाविद्यालय निकृष्ट असेल, तर पुढच्या पिढीची शाळा चांगली कशी होणार?

आता आपल्या घरचा हिशेब. चांगल्या पावसात एकरी सात क्विंटल सोयाबीन धरले तर चार एकरांत २८ क्विंटल होते. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या भावाने सगळा माल गेला असता तरी हाती आले असते १,३६,९७६ रुपये, आणि त्या हंगामात बहुतेकांचे सोयाबीन बाजारात हमीभावाच्या बरेच खाली गेले, हे आपण मला सांगण्याची गरज नाही. बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी वजा करण्याआधीची ही रक्कम म्हणजे मुलाच्या एका वर्षाचे शुल्क. पुण्यातील कॉट बेसिसची खोली, मेस, बसचा पास आणि लॅपटॉप हा खर्च त्यापुढे, आणि तोही बहुतेक वेळा शुल्काच्या जवळपास जातो.

याहून मोठी अडचण वेळेची आहे, आणि धोरण आखणाऱ्यांना ती दिसत नाही. महाविद्यालयाची फी जून ते ऑगस्टमध्ये भरायची असते. नेमके त्याच दिवसांत शेतकऱ्याच्या हातातील शेवटचा रुपया बियाणे आणि खतात गेलेला असतो. माल घरात येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरायचा, महाविद्यालयाने तो पुढे पाठवायचा, समाजकल्याणने किंवा संबंधित संचालनालयाने मंजूर करायचा, आणि पैसे यायचे पुढच्या वर्षी, कधी कधी मुलगा उत्तीर्ण होऊन गेल्यावर. जून आणि नोव्हेंबर यांच्यामधली ही पाच महिन्यांची दरी सावकार भरून काढतो, नाहीतर मुलगा शिक्षण सोडतो. माझ्या कार्यालयाच्या खिडकीसमोर दरवर्षी जुलैमध्ये तोच प्रसंग घडत असे. बाप डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा, मुलगी मागे खांबाआड, आणि बापाचे एकच वाक्य, 'सर, सोयाबीन निघालं की भरतो, तेवढं बोनाफाईड द्या.' अनुदानित महाविद्यालयात फी कमी असल्याने आम्हाला थांबता येत होते. विनाअनुदानित संस्थेत त्याच फीवर शिक्षकाचा पगार अवलंबून असतो, त्यामुळे तेथील प्राचार्याची इच्छा असली तरी त्याचा हात दगडाखाली असतो.

फी म्हणजेच शिक्षणाचा खर्च, असे समजू नका, हे सांगण्यासाठी एक आठवण लिहितो. २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला. आमच्याकडे अठरा किलोमीटरवरच्या गावाहून येणारी एक मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. फी भरलेली, शिष्यवृत्ती मंजूर, हुशार. वडाप जीपला रोजचे साठ रुपये लागत. तीन आठवडे ती आली, मग आली नाही. संप मिटेपर्यंत तिचे लग्न ठरले होते. रसायनशास्त्राचे तिचे जर्नल सातव्या प्रयोगापर्यंत लिहिलेले होते, आकृत्या पेन्सिलने सुबक काढलेल्या. प्रयोगशाळा सहायकाने ते कपाटात जपून ठेवले, कदाचित परत येईल म्हणून. मी निवृत्त झालो तेव्हा ते तेथेच होते. शासनाच्या कोणत्याही अहवालात ती 'आर्थिक कारणाने गळती' म्हणून मोजली गेली नसेल, पण ती रोजच्या साठ रुपयांनीच गळाली.

आता गावातील त्या तीन एम.ए. झालेल्या मुलांविषयी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीतील मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतातील पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ते ३.४ टक्के होते. हा आकडा पाहून लोक म्हणतात की शिकल्याने मुले बेकार होतात. त्याचा अर्थ तसा नाही. निरक्षर मुलाला रिकामे बसणे परवडत नाही. तो ऊसतोडीला जातो, वीटभट्टीवर जातो, आणि पाहणीत 'रोजगार असलेला' म्हणून नोंदला जातो. पदवीधर मुलगा मात्र शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहतो, आणि असे काम देशात फारच थोडे आहे. आजही देशातील सुमारे ४६ टक्के काम करणारे लोक शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. शेतीतून बाहेर पडणाऱ्या मुलांना सामावून घेतील इतके कारखाने आपल्याकडे उभे राहिले नाहीत, आणि मराठवाड्यात तर छत्रपती संभाजीनगरचा पट्टा आणि जालन्याच्या स्टीलच्या गिरण्या सोडल्या तर फारसे काहीच नाही. मग सगळी गर्दी सरकारी नोकरीच्या दाराशी होते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. ती तीन मुले चुकीची वागत नाहीत. त्यांच्यापुढे दारच एक आहे.

तरीही महाविद्यालयांचा काही दोष नाही, असे मी म्हणणार नाही. पदवीत आज जे शिकवायचे असते, ते शिकवायला माणूसच नसतो, हा माझ्या मते सर्वांत मोठा प्रश्न आहे, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. आमच्या महाविद्यालयात इंग्रजीची चार पदे मंजूर होती. मी निवृत्त झालो तेव्हा त्यांतले एक भरलेले होते. भरतीवर वर्षानुवर्षे बंदी, मग थोड्या पदांना मान्यता, मग पुन्हा बंदी, असे चालू राहिले. रिकाम्या जागी सीएचबीवाले प्राध्यापक, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. केलेला माणूस तासागणिक मानधनावर वर्षातले आठ-नऊ महिने शिकवतो, आणि ते मानधनही सहा महिन्यांनी एकदम मिळते. आमच्याकडचा असाच एक सहकारी सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या महाविद्यालयात तास घेई आणि सुट्टीत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जाई. पन्नाशी जवळ आली तरी त्याचे लग्न झाले नव्हते, कारण मुलीकडचे विचारत, 'पर्मनंट आहेत का?' अशा माणसाकडून विद्यार्थ्याला इंग्रजी संभाषण, प्रयोग आणि प्रकल्प हे सारे मिळावे, अशी अपेक्षा कशी करायची? तरीही तो मन लावून शिकवत असे, हे मी येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

नव्या धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील सर्व संलग्नित महाविद्यालयांत पदवीची रचना बदलली आहे. प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे ओजेटी, तिच्या श्रेयांकांत धरला आहे. कल्पना चांगली आहे. पण तालुक्याच्या गावात तीनशे मुलांना तो अनुभव कोण देणार? मुले पतसंस्थेत, औषधाच्या दुकानात, झेरॉक्सच्या दुकानात बसून प्रमाणपत्र आणतात. कारखाना नसलेल्या भागात अभ्यासक्रमाने कारखाना निर्माण होत नाही. आणि चौथे वर्ष, जे ऑनर्ससाठी ऐच्छिक आहे, त्यासाठी आपल्यासारख्या घराचे आणखी एका हंगामाचे उत्पन्न खर्ची पडते.

म्हणून पारावर कोणी विचारले तर मी सांगेन की महाविद्यालये कमी करू नका, नवीही काढू नका. आहेत त्यांतली रिकामी पदे भरा, तालुक्याच्या ठिकाणी मुलींची वसतिगृहे बांधा आणि शिष्यवृत्ती जूनच्या पेरणीआधी खात्यात टाका. या तिन्हींना नवीन योजना लागत नाही, मंजूर असलेलाच पैसा वेळेवर लागतो.

आपल्या मुलाबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे. जमीन विकू नका. विकलेला एकर परत येत नाही, आणि तुमच्या घराला आजारपणात, दुष्काळात, लग्नकार्यात आधार तोच आहे. प्रवेश घ्यायचाच असेल तर आधी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंगजी संस्था येथे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या पुढच्या फेऱ्यांत कुठल्याही शाखेत जागा मिळते का, ते पाहा. संगणक शाखेचाच हट्ट धरू नका. सगळे तिकडे धावत असल्यामुळे स्थापत्य, यंत्र आणि विद्युत शाखांना चांगल्या संस्थेतही तुलनेने कमी गुणांवर प्रवेश मिळतो, आणि चांगल्या संस्थेतील यंत्र शाखा मला सुमार संस्थेतील संगणक शाखेपेक्षा केव्हाही बरी वाटते. तेही जमले नाही तर शासकीय तंत्रनिकेतनाचा विचार करा. बारावी विज्ञान झालेल्या मुलाला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, घराजवळ दोन वर्षांत पदविका होते, आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. एकूण काळ एक वर्षाने वाढतो, खर्च मात्र कमी होतो, आणि मध्ये थांबावे लागले तरी हातात कामाला येणारी पदविका असते.

पुण्याचेच महाविद्यालय घ्यायचे ठरले, तर पैसे भरण्याआधी मुलाला घेऊन स्वतः जाऊन या. कार्यालयात न जाता उपाहारगृहात तिसऱ्या वर्षाची चार मुले गाठा आणि विचारा की या सत्रात तुम्हाला शिकवणारे किती शिक्षक मागच्या वर्षीही येथे होते. शिक्षक दरवर्षी बदलत असतील तर तेथे काही शिकवले जात नाही, इमारत कितीही चकचकीत असो. नोकऱ्यांची यादी दाखवली तर सर्वांत मोठे पॅकेज पाहू नका, त्या शाखेतील एकूण मुले किती आणि नोकरी लागलेली किती, एवढेच विचारा. शुल्क नियामक प्राधिकरणाने त्या महाविद्यालयाला मंजूर केलेले शुल्क संकेतस्थळावर असते, त्यापेक्षा जास्त मागितले तर लेखी मागा. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या, संस्थास्तरावरच्या, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या जागेवर घेऊ नका, कारण त्या जागेवर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती मिळत नाही. आठ लाखांखालील उत्पन्नाला त्या योजनेत निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते.

उरलेल्या रकमेसाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे शैक्षणिक कर्ज काढा. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारच्या पतहमी (कर्जाची हमी देणाऱ्या) योजनेमुळे जमीन तारण ठेवावी लागत नाही. शाखाधिकारी सातबारा मागेल, तेव्हा हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि महाविद्यालय नॅक किंवा अभ्यासक्रम एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थेकडून मानांकित असेल, तर शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतरच्या एक वर्षाचे व्याज केंद्र सरकार भरते. कर्जाची चिंता मुलालाही वाटते, हे खरे आहे. पण ते कर्ज फेडायला त्याच्यापुढे अनेक वर्षे आहेत. विकलेली जमीन परत घ्यायला तेवढी वर्षेही पुरणार नाहीत.

आपण शेवटी एका ओळीत लिहिले आहे की धाकटी मुलगी यंदा अकरावीत आहे आणि दोघांचे शिक्षण झेपणार नाही, तर तिला बारावीवर थांबवावे का. थांबवू नका. २०२४ च्या जुलैमधील शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी आधीपासून वेगळी सवलत आहे. आपण आपला प्रवर्ग लिहिलेला नाही, पण यांपैकी कोणतीही सवलत लागू होत असेल तर तिच्या शिक्षणाचा खर्च मुलाच्या खर्चापेक्षा बराच कमी येईल. तयारी मात्र आताच सुरू करा. जात वैधता प्रमाणपत्र लागणार असेल तर त्याचा अर्ज अकरावीतच तिच्या महाविद्यालयामार्फत द्या. तिच्या स्वतःच्या नावे बँक खाते काढून ते आधारशी जोडा, कारण भत्त्याची रक्कम आता तिच्याच खात्यात येते. आणि पुढच्या वर्षी उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला मे महिन्यातच सेतू केंद्रातून काढून ठेवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे रांग रस्त्यावर येते, सर्व्हर बंद पडतो, आणि तेव्हा आपण पेरणीत असाल.